फोनचाही पंचनामा असतो: कुलूप, पासवर्ड आणि पोलिसांची मागणी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक शेतकरी कोर्टाच्या आवारात माझी वाट बघत बसले होते. हातात मोबाइलचं रिकामं खोकं. मुलगा लातूरला शिकवणीला. गावच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ त्याने पुढे ढकलला, त्यावरून गुन्हा दाखल झाला आणि चौकशीला बोलावून त्याचा फोन काढून घेतला. पावती नाही, पंचनामा नाही. पिन तेवढा एका चिठ्ठीवर लिहून घेतला.

"ताई, फोन गेला त्याचं काही नाही," ते म्हणाले, "पण वावरात पाणी साचल्याचे फोटो त्याच्यातच हायेत. तलाठी आले तर काय दाखवू?"

पिकाचा पंचनामा या माणसाला तोंडपाठ होता. कोण येतं, सही कुठे करायची, नोंद चुकली तर अर्ज कुणाकडे द्यायचा, सगळं. फोनचाही पंचनामा असतो आणि तो मागता येतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी वकिली करते. अशी रिकामी खोकी आता वरचेवर येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक आधीच सांगते. हा लेख पोलिसांपासून पळायला शिकवत नाही. फोटोंवरून धमकावल्या गेलेल्या मुलींना घेऊन मी त्याच ठाण्याची पायरी चढते, आणि तेव्हा आरोपीचा फोन उघडावा असं मलाही मनापासून वाटतं. फोन तपासायचा अधिकार पोलिसांना आहे. तो कायद्याने, कागदावर वापरला जावा, एवढंच मागणं आहे.

कुलूप नेमकं कुठे असतं

फोनमधले फोटो, चॅट, कागद हे सगळं साठवतानाच फोन त्याचं न वाचता येणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. ते परत वाचता येण्यासाठी लागणारी किल्ली दोन गोष्टींतून तयार होते: फोनच्या चिपमध्ये कोरलेला एक गुप्त आकडा आणि तुम्ही टाकता तो पिन. म्हणून चिप काढून दुसऱ्या मशिनला जोडली तरी हाती काही लागत नाही. आयफोनमध्ये २०१४ च्या आयओएस ८ पासून बहुतेक डेटा असा पिनशी बांधलेला आहे. अँड्रॉइडच्या बाबतीत, अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या फोनला एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, अगदी स्वस्तातल्या फोनलासुद्धा. म्हणजे एन्क्रिप्शन तुमच्या खिशात आधीच आहे. तुमच्या हातात आहे तो फक्त पिन, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

चार आकडी पिनच्या एकूण शक्यता १०,०००. सहा आकडीच्या १०,००,०००. ॲपलने आपल्या फोनची रचनाच अशी केली आहे, की पिनचा एक प्रयत्न तपासायला साधारण ८० मिलिसेकंद लागावेत. चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा एखाद्या यंत्राने ओलांडली, तर चार आकडे सुमारे १३ मिनिटांत संपतात आणि सहा आकडे साधारण २२ तासांत. तेच लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून सहा चिन्हांचा पासवर्ड ठेवला, तर सगळ्या शक्यता तपासायला साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागतो. अँड्रॉइडच्या नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या शक्यता ३,८९,११२ आहेत. पण आपण काढतो काय? एल किंवा झेड. शिवाय बोटाचा माग काचेवर उरतो तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फोन सुरू केल्यावर तुम्ही पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत जवळपास सगळा डेटा कुलूपबंद असतो. एकदा पिन टाकला की किल्ली फोनच्या मेमरीत राहते, मग स्क्रीन बंद असली तरी. घराला कुलूप लावून गावाला जाणं वेगळं आणि नुसती कडी घालून शेजारी जाणं वेगळं. हा फरक तसाच आहे. तपास यंत्रणा वापरतात ती फोन उघडणारी यंत्रं, उदाहरणार्थ इस्रायलच्या सेलेब्राइट कंपनीची, कडी घातलेल्या फोनवर जास्त चालतात. यामुळेच आता आयओएस १८.१ किंवा त्यापुढचं सॉफ्टवेअर असलेला आयफोन तीन दिवस न उघडता पडून राहिला, तर आपोआप रीस्टार्ट होतो. अँड्रॉइडमध्येही गुगलने २०२५ मध्ये तशीच सोय दिली.

आज संध्याकाळी करायच्या गोष्टी

सगळ्यात आधी पिन बदला. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको, आधारचे शेवटचे आकडे तर नकोच. किमान सहा आकडे ठेवा. जमलं तर अक्षरं आणि आकडे मिसळून आठ-दहा चिन्हांचा पासवर्ड ठेवा. बोटाचा ठसा चालू असला की तो दिवसातून फार वेळा टाकावा लागत नाही. बदललेला पिन घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. दवाखान्यात नेण्याची वेळ आली आणि फोन कुणालाच उघडता येईना, ही अडचण मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

मग मेमरी कार्ड तपासा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ फोनांत ते असतं, आणि कॅमेऱ्याचे फोटो थेट त्यावर जातात. नेहमीसारखं वापरलेलं कार्ड एन्क्रिप्ट झालेलं नसतं. चिमटीने बाहेर काढा, रीडरला लावा, सगळे फोटो समोर. पिन कितीही भक्कम असला तरी तो या कार्डाला लागू नाही. घरचे फोटो, पासबुकचे फोटो फोनच्या आतल्या मेमरीत हलवा.

गॅलरीला किंवा व्हॉट्सॲपला लावतात त्या वेगळ्या "लॉक ॲप"वर भिस्त ठेवू नका. तो दारावरचा पडदा आहे, डेटा त्याने एन्क्रिप्ट होत नाही.

सिमलाही पिन लावा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे जातात, मग तुमच्या फोनच्या कुलपाला काय अर्थ? सेटिंगमध्ये सिम लॉक शोधा. आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके क्रमांक मागत बसावं लागतं. कुलूपबंद स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करून टाका.

आता व्हॉट्सॲप. एप्रिल २०१६ पासून त्यावरचे संदेश पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद जातात, मधली कंपनी ते वाचू शकत नाही. हे खरं आहे. पण रोज रात्री जो बॅकअप गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो, तो आपणहून तसा बंद होत नाही. सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करा. २०२१ पासून ही सोय आहे. तिचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कुणालाही परत मिळत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून तो वहीत लिहून कपाटात ठेवा.

त्याच सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" आहे. ते उघडूनच बघा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला किंवा मार्कमेमो प्रिंट करायला आपण सेवा केंद्रावर जातो, तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतो, प्रिंट घेतो आणि तसेच निघतो. एका शिक्षिकेच्या फोनवर मला असे तीन कॉम्प्युटर जोडलेले सापडले. त्यातला एक कुठला हे त्यांना आठवेना. तिन्ही जागच्या जागी काढून टाकले.

टेलिग्रामवर साध्या चॅटला असं टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन नसतं, ते फक्त त्याच्या सीक्रेट चॅटला असतं. साध्या एसएमएसला मुळीच नसतं. आणि तुम्ही कुणाला, कधी, किती मिनिटं फोन केला आणि तेव्हा कोणत्या टॉवरखाली होतात, ही नोंद मोबाइल कंपनीकडे असते. डिसेंबर २०२१ पासून ती किमान दोन वर्षं जपण्याची अट आहे. पोलीस ती कायद्याने थेट कंपनीकडून मागवतात, त्यासाठी तुमचा फोन त्यांना लागतच नाही. एन्क्रिप्शन यातलं काही झाकत नाही, तशी समजूत करून घेऊ नका.

फोन दुरुस्तीला देताना मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असेल तर तो लावा. अपडेट आलं की टाळू नका, कारण उघडणारी यंत्रं जुन्या चुकांवरच चालतात. शेवटी *#०६# दाबा, येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि बिलासोबत खोक्यात ठेवा. त्या शेतकऱ्यांनी आणलेलं रिकामं खोकं आम्हाला पुढे फार उपयोगी पडलं.

"जरा फोन दाखव" म्हणतात तेव्हा

घाबरू नका आणि अंगावरही जाऊ नका. झटापट, हिसकाहिसकी झाली तर सरकारी कामात अडथळ्याचा नवा गुन्हा लागतो, भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

शांतपणे विचारा: मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार साक्षीदाराला कलम १७९ ची नोटीस, अटक न करता आरोपीला बोलवायचं तर कलम ३५(३) ची, आणि एखादी वस्तू किंवा उपकरण हजर करायला सांगायचं तर कलम ९४ चा लेखी आदेश. साक्षीदार बाई असेल, पंधरा वर्षांखालचा मुलगा असेल किंवा साठीच्या पुढचा माणूस असेल, तर जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी यायचं. आपल्या गावांत हे कलम फारसं कुणी बोलून दाखवत नाही. तुम्ही दाखवा.

मी माझ्या पक्षकारांना एकच वाक्य पाठ करायला सांगते: "साहेब, नोटीस द्या, मी हजर होतो. फोन लागत असेल तर पंचनामा करून घ्या." यात नकारही नाही आणि उद्धटपणाही नाही. तुम्ही स्वतः फोन उघडून हातात दिलात, की पुढे त्याला तुमची संमती म्हटलं जातं. मग कोणती चॅट पाहिली, कशाचा फोटो काढला, याची कुठेच नोंद उरत नाही.

आणि हे फार महत्त्वाचं आहे. गुन्ह्याची कुणकुण लागल्यावर फोनमधलं काही पुसू नका. फोन रिसेट करू नका, विहिरीत टाकू नका, चुलत्याकडे लपवू नका. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली आणि इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ प्रकरणात निर्दोष असलेली पोरं मी यात अडकताना पाहिली आहेत. गोपनीयतेची तयारी आधी करायची असते. वर सांगितलेलं सगळं "आज संध्याकाळी" म्हटलं ते यासाठीच.

अटक झाली तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३८. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पंचनामा: इथे घाई करू नका

पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली वॉरंटशिवायही फोन जप्त करू शकतात. पण जप्तीची खबर त्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यायची असते. शोध आणि जप्तीचं चित्रीकरणही याच संहितेच्या कलम १०५ ने आवश्यक केलं आहे. मोबाइलवर केलं तरी चालतं. घराची झडती असेल तर दोन स्वतंत्र पंच हवेत, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरच्या माणसाला मिळायला हवी.

पंचनाम्यात काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. कंपनी आणि मॉडेल, रंग, काच फुटलेली असेल तर तसं. आयएमईआय, ड्युअल सिम असेल तर दोन्ही. सिम कोणत्या कंपनीचं, मेमरी कार्ड किती जीबीचं. फोन चालू होता की बंद, कुलूपबंद होता की उघडा, एअरप्लेन मोडवर टाकला का. तारीख आणि वेळ, तीही खरी वेळ. फोन पाकिटात घालून तुमच्यासमोर लाखेने सील केला का, सीलवर पंचांच्या सह्या आहेत का. यातलं काही चुकलं असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने तसं लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका, समोर कुणीही असो.

सीलवर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. सील नसलेला फोन आठवडाभर ठाण्याच्या टेबलावर पडून राहिला, तर त्यात काय आलं आणि काय गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. याने आरोपीचं नुकसान होतं आणि फिर्यादीचंही, कारण त्या पुराव्यावर बचावाचा वकील पहिल्याच दिवशी बोट ठेवतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्याची जागाच आहे. हॅश म्हणजे सगळ्या डेटावरून गणिताने काढलेली ओळखखूण. डेटात एक अक्षर जरी बदललं तरी ती पूर्ण बदलते. म्हणून अर्ज करून विचारा: डेटाची प्रत कधी घेतली, हॅश किती आला, ती नोंद द्या. फोन तपासणीला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथे पाठवल्याचा जावक क्रमांकही मागून ठेवा.

पिन सांगायचा की नाही

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर दोन शब्दांत देणाऱ्या वकिलावर विश्वास ठेवू नका.

राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये काथी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं ही अशी साक्ष नव्हे. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात न्यायालयाने सक्तीची नार्को चाचणी मात्र घटनाबाह्य ठरवली, कारण तिथे माणसाच्या डोक्यातली माहिती बळाने बाहेर काढली जाते. फोनचा पिन यांतल्या कोणत्या बाजूला बसतो? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात तो ठशासारखा मानला. दिल्लीतल्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये उलट मत दिलं: पिन आरोपीच्या मनात असतो, सक्ती चालणार नाही. २०२३ च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयानेही खटला चालू असताना आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येणार नाही असं म्हटलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने उपकरणांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक सूचना करायला केंद्र सरकारला सांगितलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. पिन डोक्यात असतो, म्हणून तो साक्षच आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, त्यानंतर तर दुसरा अर्थ मला पटतच नाही. पण कोर्टांत एकमत नसताना ठाण्यात एकट्याने ही लढाई लढू नका. "माझ्या वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो" म्हणा. मारहाण करून, धमकावून पिन घेणं कोणत्याही कायद्यात बसत नाही. तसं झालं तर पहिल्याच हजेरीला न्यायदंडाधिकाऱ्यांना तोंडी सांगा, ते नोंदवून घेतील.

ठसा आणि चेहऱ्याच्या बाबतीत १९६१ च्या निकालामुळे तुमची बाजू पिनपेक्षा कमजोर आहे. अँड्रॉइडवर पॉवर बटणाच्या यादीत लॉकडाउन हा पर्याय असतो, तो निवडला की ठसा-चेहरा चालत नाही, पिनच लागतो. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र धरलं, की पुढच्या वेळी फक्त पासकोड चालतो. प्रवासात, गर्दीत, फोन चोरीला जायची भीती असते तिथेही हे कामी येतं.

एक सावधगिरी मात्र हवीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली डेटा उलगडून देण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो मोडल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आदेश साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या पातळीवरून, कारणांसह लेखी येतो. कुणी तोंडी "कलम ६९ लावू" म्हटलं तर तो आदेश नव्हे. खरा कागद हातात आला, तर त्याच दिवशी वकील गाठा.

कंपन्या पोलिसांना मागचं दार का देत नाहीत, असं ठाण्यातला एक तरुण अधिकारी मला कळकळीने विचारत होता. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर एफबीआयने हल्लेखोराच्या आयफोनसाठी हेच मागितलं होतं. ॲपलने नकार दिला, कारण एका फोनसाठी केलेलं सॉफ्टवेअर बाकीच्या फोनांनाही लागू पडलं असतं. मार्च २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरच्या मदतीने तो फोन उघडला आणि खटला मागे घेतला. आपल्याकडे केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची अट आली. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मी त्या अधिकाऱ्याला एवढंच म्हटलं: तुमच्यासाठी ठेवलेलं दार ऑनलाइन फसवणुकीसाठी कुप्रसिद्ध जामताऱ्यातल्या ठगालाही सापडेल, आणि त्याच्या हाती आमच्या म्हाताऱ्यांचं पेन्शनचं खातं लागेल.

फोन परत मिळवताना

जप्तीची पावती हातात येताच मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घ्या, कारण बँक आणि गॅस सगळं त्याच नंबरवर आहे. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेवढं धरून चाला.

फोनसाठी अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ किंवा ५०३. सोबत बिल, खोक्यावरच्या आयएमईआयचा फोटो, आधार, आणि फोनची गरज का आहे ते दोन ओळींत. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की मुद्देमाल ठाण्यात विनाकारण पडू देऊ नये. फोटो, पंचनामा करून आणि बंधपत्र घेऊन तो लवकर परत करावा. या निकालाचा उल्लेख अर्जात जरूर करा. प्रयोगशाळेने डेटाची प्रत घेतली असेल तर मूळ फोन अडवून ठेवायचं कारण उरत नाही, हा मुद्दाही मांडा. फोन लगेच मिळणार नसेल, तर निदान आपल्याला लागणाऱ्या फोटोंची आणि कागदांची प्रत मागा. अर्ज फेटाळला तर पुढे सत्र न्यायालय आहे आणि त्यानंतर औरंगाबाद खंडपीठ.

त्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात आम्ही आधी फोन घेतल्याची नोंद करून घेतली, त्यासाठी खोक्यावरचा आयएमईआयच कामी आला. मग कोर्टातून पावसाच्या फोटोंची प्रत मिळवली. फोन नंतर सुपुर्दनाम्यावर हातात आला. आल्या आल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलले, लिंक्ड डिव्हाइसेस तपासली, चिठ्ठीवर गेलेला पिन बदलला. सुपुर्दनाम्यात लिहून दिलेलं असतं की फोन विकणार नाही, त्यात बदल करणार नाही आणि कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करू, त्यामुळे त्यातलं काही पुसलं नाही की रिसेटही केलं नाही. वडिलांनी तो पुन्हा त्याच खोक्यात घातला आणि सातबाऱ्याच्या फाइलशेजारी पत्र्याच्या पेटीत ठेवला. तारखेला येताना खोकं घेऊन येतात.